भारतात जाताना बॉयलर मुख्य बटणावरून बंद करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर लागला आणि हीटिंग पहिल्यांदा लावले, की बॉयलर पेटतो पण रेडिएटर थंडगार, ही तक्रार ठरलेली. मराठी घरांत तिचे एक ठळक कारण आहे. शाळांना जुलैअखेर सहा आठवड्यांची सुट्टी लागते, आपण भारतात जातो आणि निघताना सवयीने घरातली सगळी बटणे बंद करतो. त्यात बॉयलरचेही बटण असते. पाणी फिरवणारा पंप मग उन्हाळाभर निश्चल पडून राहतो आणि गाळाने जाम होतो. आपल्या दैनिकाचे बरेच वाचक आणि त्यांची मुले इथे राहतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

बॉयलर पाणी तापवतो, पण ते रेडिएटरपर्यंत नेऊन परत आणतो तो हा पंप. पंप थांबला की तापलेले पाणी जागीच राहते, तापमान काही सेकंदांत झरकन चढते आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. थोड्या वेळाने पुन्हा पेटतो, पुन्हा बंद होतो. बाहेर जाणारा पाइप हात लावता येणार नाही इतका गरम आणि परतीचा थंड, ही त्याची खूण. पुष्कळदा आतून पाणी खदखदल्यासारखा आवाजही येतो.

घरात कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर सर्वांत सोपी परीक्षा नळाची. कॉम्बीमध्ये नळाचे पाणी तापवायलाही हाच पंप लागतो. नळाला सलग चांगले गरम पाणी येत असेल आणि फक्त रेडिएटर थंड असतील, तर पंप बहुधा ठीक आहे; डायव्हर्टर व्हॉल्व्ह (गरम पाणी नळासाठी की रेडिएटरकडे, हे ठरवणारा), रूम थर्मोस्टॅट किंवा टायमर तपासायला हवा. नळही थंड आणि रेडिएटरही थंड, तर पंपावर संशय घ्यावा. ही एक गोष्ट तंत्रज्ञाला फोनवर सांगितली, तरी तो योग्य सुटा भाग बरोबर घेऊन येतो.

त्याआधी दाबाचा काटा पाहावा. थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. अर्ध्या बारवर आला असेल तर पंपात हवा शिरते, आणि हवेत फिरणारा पंप पाणी ढकलत नाही. रेडिएटरचा वरचा भाग थंड असेल तर हीटिंग बंद करून, पाणी निवल्यावर चावीने हवा काढावी. चावी अर्धा फेरा पुरे. फुसफुस थांबून पाण्याची धार आली की लगेच बंद. मग फिलिंग लूपने, म्हणजे यंत्रणेत पाणी भरायच्या नळीने, दाब पुन्हा १.२ ते १.५ वर आणावा आणि त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद करावेत. दर आठवड्याला पाणी भरावे लागत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या भांड्यातली) हवा गेली आहे. नुसते भरत राहणे वाईट, कारण प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो आणि पोलादी रेडिएटर आतून गंजत जातात.

कॉम्बीचा पंप झाकणाच्या आत असतो, तिथे आपण हात घालायचा नाही. टाकी असलेल्या जुन्या घरांत मात्र तो बहुधा बाहेर, टाकीच्या कपाटात असतो. हीटिंग चालू करून त्याला हात लावावा: बारीक थरथर जाणवली तर तो फिरतो आहे. नुसते गुणगुणणे ऐकू येत असेल पण फिरत नसेल, तर एक तर तो जाम आहे किंवा त्याचा कपॅसिटर गेला आहे; आपल्याकडचा छताचा पंखा कपॅसिटर गेल्यावर जसा गुणगुणतो पण फिरत नाही, तसेच.

जाम झालेला जुन्या धाटणीचा पंप सोडवण्याची रीत अशी. आधी ३ अँपिअरच्या फ्यूजच्या बटणावरून वीज बंद करावी आणि पाणी निवू द्यावे, कारण आतले पाणी पोळण्याइतके गरम असू शकते. पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून खाली फडके धरावे. मधोमध असलेला पितळी मोठा स्क्रू काढावा. थोडे पाणी येईल. आत शाफ्टचे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याचे, टोक दिसते, त्याला खाच असते. चपटा स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसवून हलक्या हाताने दोन्ही दिशांना फिरवावे, जोर लावू नये. मोकळे झाले की स्क्रू बसवावा, व्हॉल्व्ह उघडावेत, मगच वीज चालू करावी. २०१५ नंतरच्या बऱ्याच इलेक्ट्रॉनिक पंपांना असा स्क्रू नसतो. आणि असा सोडवलेला पंप पुन्हा जाम होण्याची शक्यता राहतेच, तेव्हा नव्याची तयारी ठेवलेली बरी.

त्यापुढचे काम मीटरचे, म्हणजे तंत्रज्ञाचे. हीटिंगची मागणी असताना पंपाच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट मिळतात आणि तरी तो फिरत नाही, तर पंप गेला. व्होल्टच मिळत नसतील तर दोष सर्किट बोर्डात, वायरिंगमध्ये किंवा मोटराइज्ड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या छोट्या स्विचमध्ये आहे, आणि नवा पंप बसवून काहीही होणार नाही. वेग ठरवणारी वेगळी सिग्नल वायर असलेल्या नव्या पंपांत ती वायर काढली, की हीटिंगसाठीचे बहुतेक पंप पूर्ण वेगाने फिरतात. वायर काढल्यावर फिरला तर पंपाला दोष देऊ नये. बॉयलरच्या पडद्यावर दिसणाऱ्या बिघाडाच्या कोडवरही आंधळा विश्वास नको. व्हेलंटच्या बॉयलरवर ‘एफ ७५’ दिसले, म्हणजे पंप सुरू होताना दाबातला बदल सेन्सरला जाणवला नाही. त्यात पुष्कळदा सेन्सरच खराब असतो.

पंप बदलायचाच झाला तर एक आग्रह जरूर धरावा: आधी सगळी यंत्रणा आतून धुऊन घ्या. रेडिएटरच्या गंजातून तयार होणारा काळा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट. नव्या पंपांच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, कायमचे चुंबक असते आणि ते हा गाळ खेचून घेते. पंपाची बेअरिंगे पाण्यावरच चालतात. त्या पाण्यात गाळ असला की ती घासली जातात. रेडिएटरचा खालचा मधला भाग थंड असेल तर तिथे गाळ बसला आहे असे समजावे. न धुता बसवलेला नवा पंप त्याच गाळाने जातो, आणि ते पैसे अक्षरशः पाण्यात. ‘बीएस ७५९३’ या ब्रिटिश मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत सफाई, गाळ पकडणारा फिल्टर, गंजरोधक द्रव आणि त्याची दरवर्षी तपासणी हे सगळे सांगितले आहे. द्रवाची मात्रा बाटलीवर छापलेली असते; घर मोठे असेल तर एका बाटलीवर भागवू नये. बाहेरचा पंप बसवताना शाफ्ट आडवाच हवा. उभा ठेवला तर वरच्या टोकाला हवा साठते आणि बेअरिंग कोरडे पडते.

आता सुट्टीविषयी. बहुतेक आधुनिक बॉयलर वीज चालू असेल तर साधारण दिवसातून एकदा पंप काही सेकंद फिरवून घेतात, म्हणून उन्हाळ्यात हीटिंग थर्मोस्टॅटवरून किंवा टायमरवरून बंद करावे, भिंतीवरच्या बटणावरून नाही. बाहेरच्या जुन्या पंपाला ही सोय बहुधा नसते. तिथे महिन्यातून एकदा दहा मिनिटे हीटिंग लावावे, आपण नसू तर टायमर लावून ठेवावा. डिसेंबरमध्ये जाणाऱ्यांनी वीज आणि गॅस दोन्ही चालू ठेवावेत. गोठण्यापासूनचे संरक्षण त्यांवरच चालते, आणि तेही फक्त बॉयलरपुरते. घरातल्या पाइपांसाठी थर्मोस्टॅट १२ ते १५ अंशांवर ठेवावा. विम्याच्या कागदांत रिकाम्या घराविषयी काय अट आहे, तेही निघण्यापूर्वी वाचावे.

बॉयलरचे झाकण उघडण्याचे काम गॅस सेफ रजिस्टरमध्ये (गॅसच्या कामाची परवानगी असलेल्यांच्या अधिकृत यादीत) नोंद असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. त्याचे ओळखपत्र मागायला संकोच नको, त्याच्या मागच्या बाजूला तो कोणत्या कामांसाठी पात्र आहे ते लिहिलेले असते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी तर स्वतः खर्चच करू नये. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या (लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट) कलम ११ नुसार हीटिंग आणि गरम पाण्याची दुरुस्ती सर्वसाधारणपणे घरमालकाची जबाबदारी आहे. तक्रार ईमेलने, तारीख घालून करावी. नळ गरम की थंड, दाबाचा काटा किती आणि पडद्यावर कोणता कोड, या तीन गोष्टी त्यात लिहाव्यात आणि काट्याचा फोटो जोडावा.

आपला वाचक,
एक हीटिंग तंत्रज्ञ, लेस्टर (इंग्लंड)