एसटीच्या फेऱ्या मिनिटांच्या नकाशावर आखा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दापोलीहून गुहागर नकाशावर सरळ दक्षिणेला, ३०-३२ किलोमीटर. चिपळूण ४० च्या वर. तरी दापोलीच्या स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाला चिपळूणच जवळ पडतं, कारण गुहागरच्या वाटेत दाभोळची खाडी आहे. किलोमीटरच्या नकाशात हे दिसत नाही, वेळेच्या नकाशात म्हणजे कार्टोग्राममध्ये दिसतं. एसटीच्या फेऱ्या आखताना असा नकाशा समोर हवा आणि प्रत्येक आगारात तो लावलेला हवा.

तो काढायला मोठा कागद, पट्टी आणि कोनमापक पुरे. मध्यभागी दापोली. प्रत्येक गावाची दिशा खऱ्या नकाशावरून घ्यायची, लांबी मात्र वेळेची, २० मिनिटांना १ सेंटीमीटर. चिपळूणला पावणेदोन तास धरले तर सव्वापाच सेंटीमीटर. गुहागरसाठी दाभोळपर्यंत ६० मिनिटं, जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने, खाडीपलीकडचं धोपावे १०, पुढे ४०, असे ११० मिनिटं होतात. इथेच बहुतेक जण थांबतात आणि नकाशा चुकतो, कारण धक्क्यावर वाट पाहण्याचा वेळ राहून जातो. बोट दर पाऊण तासाने सुटत असेल तर सरासरी २२ मिनिटं मिळवायची. गुहागर साडेसहा सेंटीमीटरवर येतं. शेवटची बोट गेली की खेड-चिपळूणचा वळसा, तीन तासांहून जास्त, म्हणजे तेच गाव नऊ सेंटीमीटरच्या पलीकडे. म्हणून दिवसाचा नकाशा वेगळा, रात्रीचा वेगळा.

नियोजनाला उपयोग होतो तो इथे. बस दाभोळला बोट सुटायच्या पाच मिनिटं आधी पोचली तर गुहागर पावणेसहा सेंटीमीटरवर, पाच मिनिटं उशिरा पोचली तर साडेसात. बस दापोलीहून दहा मिनिटं आधी सोडली की गाव पावणेदोन सेंटीमीटर जवळ येतं. एक खडीही टाकावी लागत नाही.

हा नकाशा फक्त मध्यभागच्या गावापुरता खरा असतो. दापोलीच्या नकाशावर चिपळूण-गुहागर अंतर पट्टीने मोजून वेळ काढू नये, ते निरर्थक आहे. गुहागर आगाराला स्वतःचा वेगळा नकाशा लागतो. दुसरं, गावांबरोबर किनाराही ओढत नेला तर तो स्वतःवरच दुमडतो, कारण थेट गाडी असलेलं लांबचं गाव गाडी नसलेल्या जवळच्या वाडीच्या अलीकडे येऊन बसतं. फक्त ठिपके आणि मार्गाच्या रेघा काढाव्यात. किनारा जसाच्या तसा हवा असेल त्यांनी समान वेळेच्या रंगीत पट्ट्या वापराव्यात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८१ साली लंडनहून जगभर पोचायला लागणारे दिवस असेच दाखवले होते.

वेळा वेळापत्रकावरून न घेता वाहकांच्या नोंदीवरून घ्याव्यात. एकाच फेरीच्या निदान दहा नोंदी आणि त्यातली मधली वेळ. सरासरी नको, एखादं टायर पंक्चर झालं तरी ती बिघडते. पावसाळ्याच्या नोंदी स्वतंत्र ठेवाव्यात, घाटातल्या आणि साकवावरच्या वेळा तेव्हा पार बदलतात.

चाकरमानी गणपतीला गावी येण्याआधी आपल्या दैनिकाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या प्रत्येक आगाराचा असा नकाशा शेवटच्या फेरीच्या वेळेसह छापावा, ही विनंती.

आपला,
भूगोलाचा एक शिक्षक, दापोली