शिसे गेले, धूर राहिला

महोदय,

‘लेड फ्री’, म्हणजे बिनशिशाच्या सोल्डरचे (बोर्डावर भाग जोडायला वितळवतात त्या धातूच्या तारेचे) रीळ मागितले की दुकानदार हमखास सांगतो, ‘आता काही त्रास नाही.’ 22 वर्षे टीव्ही दुरुस्तीत काढल्यावर मला हे पटत नाही.

शिसे गेले ते चांगलेच झाले. पण नाकात जाणारा धूर मुळात शिशाचा नसतोच. शिसे पोटात जाते ते बोटांवरून, न धुतलेल्या हाताने खाल्लेल्या वडापावातून. धूर असतो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावे म्हणून तारेत भरलेल्या पदार्थाचा, बहुधा राळेचा, आणि ती लेड फ्री रिळातही असते. उलट जुने सोल्डर 183 अंशांना वितळायचे. कथील, चांदी, तांब्याचे नवे 217 च्या पुढे. आयर्न (सोल्डर वितळवायचे हत्यार) जास्त तापवावे लागते, फ्लक्स जास्त जळतो. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की मग जरासा धूरही पुरतो.

माझ्याकडचा मुलगा बोर्डावर वाकला की नाक आयर्नपासून वीतभर. बिट, म्हणजे आयर्नचे टोक, थंड होते म्हणून पंखा बंद. रविवारी ठणठणीत, सोमवारी दुपारपासून खोकला. वर्षभर आम्ही ‘हवा बदलली’ म्हणत राहिलो! आता टेबलाशी धूर बाहेर ओढणारा पंखा आणि पाइप बसवला आहे. (जुन्या सेटमध्ये शिसे आहेच, त्यामुळे साबणही.)

रिळावर फ्लक्सच्या धुराचा इशारा मराठीत, ठळक छापणे सक्तीचे करावे. आयटीआयच्या प्रात्यक्षिकातही धूर ओढणारा पंखा आयर्नइतकाच आवश्यक मानावा.

– एक टीव्ही मेकॅनिक, पुणे