पॅथॉलॉजिस्ट मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम,
रिपोर्टच्या तळाशी तुमची सही असते, एवढीच आमच्यासारख्यांची तुमच्याशी ओळख. ताई बरी झाल्यावर सगळ्यांनी सर्जनचे आभार मानले, आणि ते मानायलाच हवेत, पण तुमचं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही म्हणून मीच लिहायला बसले.

ताईच्या स्तनात गाठ आली, सोनोग्राफीत फायब्रोअडेनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, वाटतोय असं आलं, एफएनएसीत (बारीक सुईने पेशी काढून करतात ती तपासणी) पण तेच, मग काय, घरात सगळे साधी गाठ आहे म्हणून निवांत. तुम्हाला मात्र खटकलं की बाई पंचेचाळिशीची आणि गाठ काही महिन्यांतच एवढी वाढलीये, म्हणून तुम्ही रिपोर्टमध्ये फायलोड्सची, म्हणजे फायब्रोअडेनोमासारख्याच दिसणाऱ्या पण वेगळ्या गाठीची, शंका लिहिलीत, कोअर बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी) करा म्हणालात, वर सर्जनना फोन पण केलात! स्तनातल्या गाठींमध्ये हा प्रकार 1 टक्क्याहून कमी, आम्ही तर नावसुद्धा ऐकलं नव्हतं.

फायब्रोअडेनोमा समजून नुसती गाठ सोलून काढली असती तर ती तिथेच परत यायची भीती जास्त, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. मग ऑपरेशनमध्ये कडेची साधारण 1 सेंटीमीटर चांगली जागा धरून गाठ काढली. काखेतल्या लिम्फच्या गाठींना हात लावावा लागला नाही, कारण हा आजार तिकडे सहसा जात नाही म्हणे.

आणि ती स्लाइड! मला स्टुलावर बसवून मायक्रोस्कोपमधून दाखवलीत, पानांसारखे फाटे, मधे दाटीवाटीच्या पेशी, त्यातल्या किती विभागताहेत ते मायक्रोस्कोपच्या दहा फील्डमध्ये (एका वेळी दिसतो तेवढा भाग) मोजायचं, 5 ते 9 असल्या तर बॉर्डरलाइनकडे, म्हणजे साधी आणि कॅन्सरची यांच्या मधल्या प्रकाराकडे कल, 10 किंवा जास्त असल्या तर मॅलिग्नंटकडे, म्हणजे कॅन्सरकडे, पण नुसत्या आकड्यावर नाही, गाठीची कड आणि बाकीचं पण बघायचं. ताईचं बॉर्डरलाइन. वर स्वतःच म्हणालात की ब्लॉक (मेणात ठेवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड घेऊन परेलला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये दाखवा, माझ्यावर थांबू नका. असं कोण सांगतं हो? तिथेही तेच निदान आलं.

ताईचे चेकअप चालू आहेत, सध्या सगळं क्लिअर आहे. तेव्हा ती वॉर्डात होती ना, त्यामुळे तिला तिची स्लाइड बघायची राहिलीये आणि ती माझ्या मागे लागलीये, तर पुढच्या चेकअपला तुमच्याकडे आणली तर चालेल का?

तुमची,
पेशंटची धाकटी बहीण