पहिल्या वर्षी शिकलेले आनुवंशशास्त्र दवाखान्यापर्यंत पोचत नाही

महोदय,

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट आहे. विदर्भात आणि नंदुरबार पट्ट्यात या तपासणीचा अहवाल अनेकदा नुकत्याच एमबीबीएस झालेल्या डॉक्टरपुढे येतो. त्याने आनुवंशशास्त्र शिकलेले असते ते मुख्यतः पहिल्या वर्षी, अ‍ॅनाटॉमीत: बार बॉडी, टर्नर, क्लाइनफेल्टर अशी गुणसूत्रांची प्रकरणे, वंशावळीची चिन्हे आणि समुपदेशनाची तत्त्वेसुद्धा. समोर रुग्ण नसताना शिकलेली ही तत्त्वे इंटर्नशिपपर्यंत कितपत टिकणार?

सिकलसेलसाठीच्या प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीचेच पाहा. रक्त मिसळल्यावर द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या की ‘पॉझिटिव्ह’. पण व्यक्ती वाहक (एकच सदोष जनुक असलेली) आहे की रुग्ण, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असल्याने चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. तीव्र रक्तक्षयातही तेच, कारण नळीत सिकलसेलचे एस हिमोग्लोबिनच पुरेसे पडत नाही. नुकतेच रक्त चढवले असेल तर एचपीएलसीही फसवते, कारण नमुन्यात दात्याचे रक्त मिसळलेले असते. अशा वेळी तीन महिने थांबावे किंवा आईवडिलांची तपासणी करावी.

थॅलेसेमिया हाही हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. त्याच्या वाहकाला तर लोहाची कमतरता समजून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. एमसीव्ही (लाल पेशींचे सरासरी आकारमान) ६५ आणि लाल पेशी ५५ लाख, म्हणजे ५.५ दशलक्ष, असतील, तर ६५ भागिले ५.५ म्हणजे ११.८. उत्तर १३ च्या खाली आले की संशय घ्यावा आणि हिमोग्लोबिनच्या ए-टू प्रकाराचे प्रमाण मोजावे. ते साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर व्यक्ती बहुधा वाहक. मात्र लोहाची कमतरता ए-टूचा आकडा खाली ओढते. सीमेवरचा अहवाल लोह भरून काढल्यावर पुन्हा करावा लागतो. एवढे गणित पाठ्यपुस्तकातही असते, पण बाह्यरुग्ण विभागात ते करून बघायला कोणी सांगत नाही.

कुटुंबाचा इतिहास घेण्याचीही तीच गत. ‘घरात कुणाला आनुवंशिक आजार?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’च येते. त्याऐवजी विचारावे: कुणाला वारंवार रक्त चढवावे लागते का, लहानपणी मूल दगावले का, सांधे दुखून डोळे पिवळे होतात का, मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले आहे का? तीन पिढ्यांची वंशावळ काढायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

सर्वांत महाग पडते ती ‘चारात एक’ची चूक. पती-पत्नी दोघे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. बाईची पहिल्याच भेटीत तपासणी करून ती वाहक निघाली, तर नवऱ्याला त्याच आठवड्यात बोलावले पाहिजे. गर्भाला आजार आहे का, हे पाहण्यासाठी वारेच्या ऊतींचा नमुना साधारण ११ ते १३ आठवड्यांत घेतात, गर्भजल सोळाव्या आठवड्याच्या सुमारास. नवरा पाचव्या महिन्यात आला, तर निम्मा वेळ हातचा गेलेला असतो. यात भर गैरसमजाची: १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याने गर्भाच्या सगळ्याच तपासण्यांवर बंदी आहे, असे काही विद्यार्थी मानतात. बंदी लिंगनिदानावर आहे; हिमोग्लोबिनच्या आजारांसाठीची तपासणी नोंदणीकृत केंद्रात, लेखी संमतीने आणि कायद्यातल्या अटी पाळून करता येते.

यासाठी नवा विषय किंवा नवा विभाग नको. बालरोग आणि स्त्रीरोगाच्या अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत दहा मिनिटांचे एक स्थानक (परीक्षेतला स्वतंत्र टप्पा) ठेवावे: समोर एचपीएलसीचा अहवाल, खुर्चीत वाहक जोडपे, आणि विद्यार्थ्याने त्यांना मराठीत समजावून सांगायचे. इंटर्नशिपच्या वहीत पाच वंशावळी आणि पाच अहवालांचे वाचन सक्तीचे करावे, सही मात्र तपासूनच द्यावी.

— एक वैद्यकीय अध्यापक, नागपूर