कॅमेरा भंगारात घालण्याआधी सेलचा कप्पा उघडा

महोदय,

पाऊस सरला की किनारपट्टीवरच्या घरांतली कपाटे उपसली जातात आणि जुने रोलचे कॅमेरे बाहेर निघतात. तरुण मुलांना आता पुन्हा रोलवर फोटो काढायची ओढ लागली आहे, ही आनंदाची गोष्ट. पण बटण दाबून काही हलले नाही की ‘सर्किट गेलं’ म्हणून कॅमेरा मोडीत निघतो. दापोली ते वेंगुर्ले पट्ट्यातल्या खाऱ्या, दमट हवेत आधी खराब होतात ते सेलचे कॉन्टॅक्ट आणि वायरी. सर्किटावर संशय सर्वात शेवटी घ्यावा.

आधी कॅमेऱ्याची जात ओळखा. पेंटॅक्स के-१००० किंवा निकॉन एफएमचे शटर सेलविना चालते, सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतो. १९७६ चा कॅनन एई-१ मात्र ६ व्होल्टच्या सेलशिवाय हलतच नाही. निकॉन एफईची वेगाची तबकडी ‘एम ९०’ या सेलविना चालणाऱ्या खुणेवर फिरवा. तिथे शटर पडले आणि बाकी वेगांवर अडकले, तर यंत्र ठीक आहे, दोष विजेचा आहे. एई-१ शटर पडताना चिरकतो, तो आवाज आरशाच्या यंत्रणेतले तेल सुकल्याचा. त्यासाठी सर्किट उघडू नये.

नवा सेल घालूनही काही होत नसेल तर कप्प्यातली पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड पाहा. अल्कलाइन सेल गळला की त्यातला क्षार बाहेर येतो. कापसाच्या काडीवर थेंबभर व्हिनेगर घेऊन तो पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या. पॉलिशपेपर नको. मुलामा निघाला की उघडे पितळ इथल्या हवेत पुन्हा हिरवे पडते.

खरी गोम बहुतेकदा पुढे असते. क्षार वायरीच्या आवरणाखालून आत सरकत जातो. वायर जोडलेली असल्याचे सांगणारी मल्टिमीटरची शिटी वाजते, सेलचे व्होल्टेजही बरोबर दिसते, तरी शटर अडते. कारण मल्टिमीटरला नगण्य करंट लागतो, पण शटरच्या चुंबकाने करंट ओढला की खराब वायरीतच व्होल्टेज पडते. म्हणून बटण दाबून धरून, सर्किटाच्या टोकाला व्होल्टेज मोजावे. तिथे ते कोसळत असेल तर वायर बदला. काळ्या पडलेल्या तारेवर सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापा.

ऑलिंपस ओएम-१ सारखे कॅमेरे १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेले होते. १.५ व्होल्टचा सेल घातला की मीटर जास्त प्रकाश दाखवतो आणि फोटो काळपट येतात. दोष तिथे मीटरचा नसतो. श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल सुमारे १.४ व्होल्टचा असल्याने काम भागवतो, मात्र हवेची छिद्रे झाकणारे त्याचे स्टिकर काढल्यावर फार दिवस टिकत नाही.

एक कळकळीची सूचना: फ्लॅश असलेला छोटा कॅमेरा घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट राहू शकतात.

कोकणातल्या आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स वर्गात असे बंद कॅमेरे सरावाला ठेवावेत. एवढी तपासणी शिकायला महागडी यंत्रे लागत नाहीत. आणि ज्यांचे कॅमेरे आज चालू आहेत, त्यांनी मृग लागण्यापूर्वी सेल काढून ठेवावेत.

– कॅमेरा दुरुस्ती करणारे काही वाचक, रत्नागिरी