कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रेडिएटरवाल्या चाचांना

आदरणीय चाचा,

सलाम.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला वाचून दाखवेल, तसं मी त्याला सांगून ठेवलंय. आमच्या जुन्या जीपची पेट्रोलची टाकी तुम्ही वाचवलीत, त्याचे आभार तुमच्या दुकानात येऊन मानायचा प्रयत्न मी दोनदा केला. दोन्ही वेळा तुम्ही "चहा घे गं आधी" म्हणून विषय बदललात. म्हणून लिहून काढतेय, आणि चारचौघांत वाचलं जाईल असं लिहितेय. जुन्या जीपची टाकी भंगारात घालायला निघालेलं अजून कोणीतरी असेलच. त्यालाही तुमची कामाची रीत कळायला हवी.

आमच्या आबांनी ही जीप डिस्पोजलमध्ये घेतलेली. दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली, गोऱ्या फौजा गेल्या आणि मागे राहिलेल्या गाड्या सरकारनं विकून टाकल्या, त्यातली ही एक. स्टिअरिंग डावीकडं. गावात तिला सगळे विलीज कंपनीचीच म्हणायचे. पण टाकी उतरवताना तुम्ही बोल्टच्या डोक्यावरची माती अंगठ्यानं पुसलीत आणि इंग्रजी एफ अक्षर मला दाखवलंत. तेव्हा कळलं की ही विलीजच्या नकाशावर फोर्डनं बांधलेली. फोर्डनं तेव्हा आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, ते अक्षर ठोकलेलं असायचं. इतकी वर्षं आमच्या अंगणात उभी असलेली गाडी कोणाची हे आम्हाला तुमच्यामुळं कळलं. बाबा त्या रात्री दोनदा बॅटरी घेऊन बोल्ट बघायला गेले होते.

बाबा गाडी शिकले ते याच जीपवर. टाकी चालकाच्या सीटखाली, पत्र्याच्या खोलगट खड्ड्यात बसवलेली. पेट्रोल भरायचं म्हणजे आधी आपण उठायचं, गादी उचलायची आणि मग झाकण. पंपावरची पोरं अजून बघत राहतात. टाकी १५ अमेरिकन गॅलनची, म्हणजे साधारण ५७ लिटरची. त्या खड्ड्यात पावसाचं, धुतल्याचं पाणी साचतं आणि टाकीला बाहेरून, खालून खातं. आतून जुनं पेट्रोल खातं. दोन्हीकडून मार.

तीन वर्षं गाडी दहा मिनिटं चालायची आणि बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की परत सुरू. एका गॅरेजमध्ये आधी टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचं किट बदललं, मग कार्बोरेटर उघडला, मग कॉइल बदलली. शेवटी तिथं सांगितलं, टाकी संपलीय, मागं प्लॅस्टिकचा कॅन बसवून नळी ओढू. त्याच्याही आधी कधीतरी, दुसऱ्या कोणीतरी, गंज तसाच ठेवून त्यावर आतून लेप ओतला होता. तो सापाच्या कातेसारखा सुटून टाकीत तरंगत होता. प्लॅस्टिकच्या कॅनचं ऐकल्यावर बाबांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि त्या बाजूला जाणंच सोडलं.

मी टाकी शोधायला लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात एक रविवार गेला. हरियाणातल्या मंडी डबवालीला, जिथं जीपचा सगळा संसार मिळतो, तिथं फोन केले. महिंद्राच्या नंतरच्या जीपच्या टाक्या होत्या, पण आमच्या खड्ड्यात बसणाऱ्या नव्हत्या. फिलिपिन्समध्ये या लढाईतल्या जीपच्या अख्ख्या बॉड्या नव्यानं बनवतात, पण भाडं आणि जकात धरून आकडा ऐकला आणि वही मिटली. कागदपत्रांचीही धास्ती होती. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असायला लागते. प्लॅस्टिकच्या कॅनचं रूप मूळ कसं म्हणायचं?

तुमच्याकडं आले ती खरं तर ट्रॅक्टरचा रेडिएटर घेऊन. बोलता बोलता जीपचं निघालं. तुम्ही वर न बघता विचारलंत, "चालता चालता मरती, आणि गप उभी केली की जित्ती हुती?" मी हो म्हटलं. "मग पंप बिचारा काय करंल? गंजाचा चुरा नळीच्या तोंडाशी जाऊन बसतोय. गाडी थांबली की खाली पडतोय." तीन वर्षांचा खर्च एका वाक्यात उलगडला. तरी तुम्ही आधी झाकणाची हवेची वाट तपासायला लावलीत, कारण ती बुजली तरी गाडी अशीच मरते. ती मोकळी होती. मगच म्हणालात, टाकी आण.

मी टाकी आणली त्या दिवशीचं मी विसरणार नाही. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं लगेच बत्ती पेटवायची तयारी दाखवली. टाकी महिनाभर रिकामीच होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तुमचा आवाज तेवढा एकदाच चढलेला ऐकला. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट, आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात, ठिणगी तेवढी बाहेरून यायची बाकी असते, हे तुम्ही मला आणि त्याला, दोघांना उभं करून समजावलंत. मग धुण्याचा सोडा घातलेलं कढत पाणी तीनदा भरलंत आणि ओतलंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाक लावून वास घेतलात, मान हलवलीत, पुन्हा एकदा. त्या दिवशी मी घाई केली असती आणि तुम्ही दुकानात नसता, तर काय झालं असतं याचा विचार अजून रात्री येतो. आभारांत पहिला नंबर याचाच आहे, टाकीचा नंतर.

लेप काढायला रंग काढायचं रसायन वापरलंत, त्यात दोन दिवस गेले. मग नट. आत ४० नट टाकले, तोंडं बंद केली, टाकी वाकळेत गुंडाळून दादाच्या ट्रॅक्टरच्या उचललेल्या मागच्या चाकाला बांधली आणि अगदी हळू फिरवत ठेवली. नट मोजून वहीत लिहायला लावलेत तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. बाहेर निघाले ३९. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत आडवा पत्रा असतो, त्याच्या बेचक्यात चाळिसावा अडकला होता. तो काढायला तुम्हाला अख्खी दुपार लागली. मी म्हटलं, राहू दे एक नट. तुम्ही म्हणालात, "तुझ्या आबाची गाडी हाय, खुळखुळा न्हाई."

आणि मग काकवी! ॲसिड घातलं असतं तर दोन तासांत काम झालं असतं, पण आधीच पातळ झालेला पत्रा ॲसिड सोसेल का, याची तुम्हाला शंका होती. कारखान्याची मळी चांगली, पण ती सरकारी बंधनातली, अशी कुणाला मिळत नाही. म्हणून गुऱ्हाळावरून साडेपाच लिटर काकवी आणली, दहापट पाण्यात कालवली आणि भोकांना बाहेरून एम-सील लावून टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवली. काकवीचं पाणी गंज सोडवून घेतं आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाही. कापडाची छपाई करणारे भंगार लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून काळा रंग करतात, तीच ही करामत, हेही तुम्हीच सांगितलंत. बारा दिवस वास, माश्या, मुंग्यांच्या रांगा. शेजाऱ्यांना तुम्ही काय सांगून गप्प केलंत ते मला अजून माहीत नाही.

बाराव्या दिवशी काळं पाणी ओतलं आणि आत बॅटरी मारली तेव्हा राखाडी, स्वच्छ पत्रा दिसला. आणि सात भोकं. आधी तीन होती. माझं तोंड उतरलं. तुम्ही मात्र खूश, कारण हे तुम्ही आधीच सांगितलं होतं: गंजच भोकं बुजवून बसलेला असतो, तो गेला की खरं काय ते दिसतं. ओला पत्रा बघता बघता तांबूस होऊ लागतो. म्हणून पाणी ओतल्याबरोबर गंजरोधक द्रावण फिरवलं, गरम हवा सोडली आणि थोडं इंजिन ऑइल घातलेलं पेट्रोल आतून सगळीकडं खेळवलं.

डाख लावताना पुन्हा तसंच. ऑइलचं पेट्रोल काढलं, कढत पाण्यानं परत धुतली, मग भोकाच्या बोटभर खाली येईल इतकं पाणी टाकीत भरलं, म्हणजे वाफेला आत जागाच नको. ज्योत टाकीपासून लांब. तांब्याच्या जड डोक्याचं हत्यार भट्टीत तापवायचं, नवसागरावर घासायचं, कथील-शिशाचा डाख उचलायचा आणि पत्र्यावर पसरायचा. तुमचे वडील कल्हईला गावोगाव जायचे, ते सांगताना तुमचा हात थांबत नव्हता. खालचा कोपरा फारच विरला होता, त्याला पितळी पत्र्याचं ठिगळ. त्याच्या कडा इतक्या सपाट आहेत की बोट फिरवलं तरी लागत नाहीत.

तपासणी पाण्यावर सोडली नाहीत. पाणी जिथून झिरपत नाही तिथून रॉकेल झिरपतं, म्हणून बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून फासली, वाळवली आणि आत रॉकेल घालून रात्रभर ठेवलं. सकाळी एका सांध्यावर मुगाएवढा डाग. तो मी पाहिला नव्हता, तुम्ही पाहिलात. पुन्हा धुणं, पुन्हा पाणी, पुन्हा डाख. दुसऱ्या रात्रीनंतर खडू जसाच्या तसा पांढरा.

नवा लेप घालायचा का, यावर आपलं बोलणं झालं होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जुनं चिकट साचलेलं सोडवतं, हवेतलं पाणी ओढून घेतं आणि साध्या लेपांना धरू देत नाही. तुम्ही लेप नको म्हणालात, जुन्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलायला लावल्यात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेव, चालवणार असशील तर भरलेली ठेव, हेही सांगितलंत. आमच्याच पट्ट्यातला ऊस. त्याची काकवी टाकी वाचवते आणि त्याचंच स्पिरिट टाकीची परीक्षा घेतं, हे मी त्या दिवसापासून घोळवतेय.

टाकी बसवताना सीटखालचा खड्डा घासून रंगवायला लावलात, पाणी जायची भोकं मोकळी केलीत, आणि पट्ट्यांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत म्हणजे पत्र्याला पत्रा घासणार नाही. एफचे बोल्ट तेच परत लावलेत. बिलावर तीन आठवड्यांच्या कामाचे १,८०० रुपये होते. जास्त घ्या म्हटल्यावर तुम्ही रागावलात, म्हणून तेव्हा गप्प बसले. चाचा, ती रक्कम त्या कामाची नव्हती, आणि हे मला उघड सांगायचं होतं.

दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार बघायला आम्ही जीप घेऊन कोल्हापुरात आलो. बाबा चालवत होते, सगळा रस्ता, एकदाही न थांबता. दसरा चौकात गर्दी होती म्हणून लांब लावली. दोन-चार पोरं जीपभोवती जमली तर बाबांनी गादी उचलून त्यांना टाकी दाखवली, पितळी ठिगळ नेमकं कुठं आहे ते समजावलं आणि तुमच्या दुकानाचा पत्ता दिला. त्यातलं कोणी आलं का?

परवा मी फिल्टरची वाटी उघडली. तळाला काही नव्हतं. पांढऱ्या फडक्यानं पुसली, फडकं पांढरंच राहिलं. ते धुतलं नाहीये, तुम्हाला दाखवायला ठेवलंय. गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. पुढच्या रविवारी बाबा आणि मी जीपनंच येतोय, काकवीची बरणी घेऊन. ही भाकरीबरोबर खायची आहे. चाचींना सांगून ठेवा.

तुमची,
जीपवाली पोरगी