आधी केळी, मग पोफळी

ती. बाबांस व सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा निघताना गाडीत बसेपर्यंत मी वाडीबद्दलच बोलत होते, तरी मुख्य बोलायचं ते राहूनच गेलं. बाबा, विहिरीपाशी तुम्ही म्हणालात, "आता लावून मी कधी बघणार?" मला तिथे उत्तर सुचलं नाही. ताम्हिणी चढून पुण्याला पोचेपर्यंत तेच डोक्यात होतं. म्हणून हे पत्र.

निसर्ग वादळाची, ३ जून २०२० ची ती दुपार मी पाहिली नाही. वादळानंतर आठ दिवस तुमचा फोन लागत नव्हता. मी पोचले तेव्हा मागच्या दारातून थेट समुद्रावरचं आभाळ दिसत होतं. त्या दारात लहानपणी भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागायचा. पडलेली झाडं मी मोजली नाहीत, तुम्ही मोजलीत. पण मला जास्त लागलं ते पुढच्या दोन उन्हाळ्यांत. वाचलेल्या पोफळीही एकेक करून गेल्या. शेजारच्या झाडांची सावली गेली, पश्चिमेच्या उन्हाने खोडं भाजली, एका अंगाने पिवळी पडली आणि मग उभी तडकली. तुम्ही पोफळीच्या गळलेल्या विऱ्या गोळा करून त्यांना गुंडाळत होतात, सुंभाने बांधत होतात. त्यानंतर तुम्ही वाडीच्या मागच्या अंगाला जाणंच सोडलंत.

दादाने त्या बागवाल्याचा नकाशा मलाही पाठवला. दोन महिन्यांत सगळं तयार, मध्ये लॉन, कडेने पेव्हर ब्लॉक, शोभेचे पाम. दादाला तुमची काळजी आहे, आपल्यामागे तुम्हाला राबावं लागू नये एवढंच त्याच्या मनात आहे. पण मला ते पटत नाही आणि मी त्याला तसं सांगितलंय. मे महिन्यात विहीर तळाला जाते, पाणी मचूळ लागायला लागतं. तेव्हा त्या गवताला पाजायचं काय? आणि जुलैत पेव्हरवर शेवाळ धरलं की आईचा पाय घसरायला एक सकाळ पुरे.

माझं म्हणणं असं, की घाई करायचीच नाही. दिवेआगरची आपली पट्टी लांब आणि चिंचोळी, रस्त्यापासून समुद्राकडे गेलेली. ती एका दमात भरून निघणार नाही, आणि पोफळीला तर एकदम उघड्यावर लावून चालतच नाही.

सगळ्यात आधी कुजलेली खोडं हलवायची. आई, विहिरीजवळ तू लावलेल्या लहान माडाची नवी झावळी पाहिलीस ना? उलगडली तेव्हा कात्रीने तिकोनी कापल्यासारखी. तो गेंड्या भुंगा. कोंबात शिरून तो मिटलेलं पान कुरतडतो, आणि पान उघडलं की ते काप दिसतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या माडाच्या ओंडक्यात वाढतात. आपल्याकडे वादळातले ओंडके अजून तसेच पडून आहेत. ते राहिले तर नवा माड लावणं म्हणजे भुंग्याला जेवायला वाढणं. पावसाआधी ओंडके चिरून बाहेर काढू आणि शेणखताचा खड्डा चाळून घेऊ.

जूनमध्ये दोनच कामं. समुद्राच्या अंगाला उंडी आणि केवडा, कारण खारा वारा तिथेच अडवायला हवा. आणि मधल्या पट्ट्यात केळीचे मुनवे. केळ वर्षभरात डोक्यावर जाते, पोफळीच्या रोपांना तीच सावली धरते. पोफळी पुढच्या वर्षीच्या जूनला, नऊ नऊ फुटांवर. नवे माड थोडेच, पंचवीस फुटांच्या अंतराने आणि घराच्या कौलांपासून लांब. जायफळ मात्र सावली दाट झाल्यावर, आणि कलमंच आणायची. बियांची झाडं नर की मादी हे कळायला फुलायची वाट बघावी लागते, तेवढी वर्षं फुकट घालवायची नाहीत. मिरीचं नंतर बघू.

घराजवळचा भाग मात्र या वर्षीच. न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळ आहेच, त्याच्या पुढे आईची अबोली, अनंत, तगर, कढीपत्ता आणि गवती चहा. आई, प्राजक्त कुठे हवा ते तूच ठरव, मी काठी रोवून ठेवीन. मागच्या दारापासून विहिरीपर्यंत चार फूट रुंद वाट करू, म्हणजे तुम्ही दोघं शेजारी शेजारी चालू शकाल. मध्ये एकही पायरी नको. आणि ठिबकची कळ पडवीतच, कमरेच्या उंचीवर, बाबांना वाकायला लागू नये म्हणून. आळ्यांत पुरायला नारळाची सोडणं लागतील, ती टाकून देऊ नका, मांगरात साठवा. रेताड जमिनीत तीच ओल धरतात.

आता बाबा, तुमच्या प्रश्नाचं. केळीचा घड वर्षा-सव्वा वर्षात दारात येईल, तो तुम्हीच उतरवाल. पोफळीला पाच-सहा वर्षं तरी लागतील, ते मी नाकारत नाही. पण पोफळीचं बी आत्ता, या महिन्यात निवडायला हवं. रोपं वर्षभराहून थोडी मोठी झाली की पुढच्या पावसाला लावता येतात, म्हणजे दिवस बरोबर जुळतात. रोपवाटिकेतली रोपं मिळतील, पण आपल्या वाडीतली रोठा सुपारीची झाडं वादळातून उभी राहिली आहेत, मला तोच रोठा हवा आहे. त्या शिल्लक झाडांतलं कोणतं दरवर्षी भरून येतं, कोणाची सुपारी आतून पांढरी निघते, हे मला माहीत नाही. दादालाही नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

मी शनिवारी सकाळी निघते, दुपारी जेवायला पोचेन. सुपारी उतरवायला माणूस सांगून ठेवा. उन्हं कलली की माझ्याबरोबर मागे चला. तुम्ही झाड दाखवा, मी खोडाला चुना लावते. पूर्ण पिकलेल्या, केशरी सुपाऱ्याच घेऊ. वाळूच्या वाफ्यात देठ वर करून मांडायच्या, एवढं मला आठवतंय. किती खोल, ते तुम्ही सांगा.

आई, येताना पुण्याहून काही आणायचं असेल तर फोन कर.

तुमची,
सुमी